बेडकीच्या पोटातली टकटक

मंगळवार, ४ तारीख

गाडी मिळाली! म्हणजे मिळाल्यात जमा आहे. मामांच्या गाडीदुरुस्तीच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला टेकून माझ्या लहानपणापासून उभी आहे ती हिरवी. नेमकी कसली हिरवी ते आता सांगता येणार नाही. छतावर शेवाळी, दारांवर कच्च्या पेरूसारखी, आणि बॉनेटवर जिथं मांजर झोपतं तिथं जवळजवळ पांढरी. पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, म्हणून मी तिला बेडकी म्हणायचे. आता मामाही म्हणतात.

मी इथं दोन दिवसांसाठी आले होते. बदकं पाळणाऱ्यांकडची नोकरी सोडली (बदकांबद्दल एकदा सविस्तर लिहायचंय, ती दिसतात तेवढी साधी नसतात) आणि पुढं कुठं जायचं ते ठरत नव्हतं. त्याआधी फोटोवाल्याकडे होते, त्याआधी जहाजावरच्या धोबीखान्यात. पायाला भिंगरी लागलीय म्हणून घरात माझं नावच भिंगरी पडलंय. आज चहा पिताना मामा सहज म्हणाले, या महिन्याअखेर शेडला कुलूप लावतोय, गुडघे ऐकत नाहीत. बेडकी भंगारात देऊ की तू नेतेस? मी कप तसाच ठेवला आणि पळत जाऊन तिला मिठी मारली. बेडकीला. मामांना नंतर.

दुपारपर्यंत भंगारवाल्याकडे जाऊन आलेसुद्धा. माझा कॅमेरा देऊन त्याच्याकडून जोड-कार्बोरेटर घेतले. याच कंपनीच्या शर्यतीच्या गाडीतले. बेडकीला एकच आहे, बिचारी दम्याच्या माणसासारखी एका नाकपुडीनं श्वास घेते. दोन बसवले की पाण्याच्या टाकीचा चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये चढेल, मग डोंगर ओलांडेल, मग समुद्र. मागची सीट काढून गादी टाकायची. पडदे शिवायचे. पडद्यांचा रंग ठरत नाहीये.

बुधवार, ५

आवाज आहे.

सकाळी बॅटरी लावून बेडकी चालू केली. दोनदा खोकली आणि लागली. मी नाचले. मग नाच थांबवल्यावर ऐकू आलं, आत कुठंतरी टकटकटकटक. जोरात नाही, पण सारखी. मामांना सांगितलं. ते बॉनेटवर वाकले, डोकं तिरपं केलं आणि म्हणाले, काही नाही, घड्याळासारखी चालतेय.

आता मामांचा कान म्हणजे काय आहे ते लिहायला हवं. रस्त्यावरून गाडी गेली की आत बसल्या बसल्या ते सांगायचे की हिच्या डावीकडच्या मागच्या चाकाचं बेअरिंग महिनाभरात जाणार. लांबलांबून लोक नुसती गाडी ‘ऐकवायला’ आणायचे. त्यामुळे मामा नाही म्हणाले म्हणजे माझेच कान वाजत असणार असं मी धरून चालले होते. तेवढ्यात मामीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून विचारलं की चमच्यानं कप कोण वाजवतंय.

मामा जरा थांबले. मग म्हणाले, “हां, तो होय. तो तर आहेच.”

आणि मग अट घातली. आवाज कुठून येतो ते कळल्याशिवाय एक बोल्ट बदलायचा नाही. वरचा किरकोळ आवाज असेल तर ठीक. पण पिस्टनची दांडी खाली जिथं क्रँकला जोडलेली असते तिथलं बेअरिंग झिजलं असेल, तर दोन कार्बोरेटरची ताकद दिल्याबरोबर दांडी इंजिन फोडून बाहेर येईल. तसं निघालं किंवा आवाज सापडलाच नाही, तर बेडकी भंगारात. ही माझी शेवटची गाडी आहे, म्हणाले, ती अंदाजावर सोडणार नाही.

मामी इतकी मोठ्यानं का बोलते या घरात? रेडिओही तसाच. माझं डोकं उठतं.

गुरुवार, ६

आज जे पाहिलं ते मी जगात कुठंही पाहिलेलं नाही.

सगळे मेकॅनिक लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावतात आणि मूठ कानाला. हे मलाही माहीत होतं. मामांनी टोक इंजिनला लावलं आणि मूठ दातांत धरली! डोळे मिटून, कुत्र्यानं हाड धरावं तशी. एक जागा, दुसरी जागा, मग खाली वाकून बाजूला. मी विचारलं हे काय. म्हणाले, कानात बाहेरचे आवाज घुसतात, दातांत फक्त इंजिन येतं. काय माणूस आहे. मला वाटतं ही विद्या त्यांनी एवढी वर्षं कुणालाच दाखवली नसणार, कारण मामीनं खिडकीतून पाहिलं आणि तीही बघतच राहिली.

मग मीही दातांत धरला. दाढेतलं सिमेंट थरथरलं आणि नाकातून शिंक आली. इंजिन ऐकण्याऐवजी मी दाढेचा विचार करत बसले. ते सिमेंट ज्यानं भरलं तो दंतवैद्य बोलताना शीळ घालायचा.

मामांचा निष्कर्ष: तिसऱ्या सिलिंडरपाशी, बाजूला, खालच्या अंगाला. “तिथं ठोका लागतोय,” म्हणाले. मला तर आवाज सगळीकडूनच येतो. शिकेन.

शनिवार, ८

डोकं गरम आहे. एक टॅक्सीवाला आला होता. मामांनी गेल्या आठवड्यात त्याच्या गाडीचा फॅनचा पट्टा बदलून दिला, तरी म्हणे चिरचिर तशीच आहे. मामांनी गाडी चालू करायला लावली, ऐकलं आणि सांगितलं की चिरचिर नाही. तो म्हणाला आहे. मामा म्हणाले नाही. तो म्हणाला, उस्ताद, रस्त्यावरची माणसं वळून बघतात. मग मामांनी माझ्याकडं पाहिलं.

मी ठणकावून सांगितलं की काहीही ऐकू येत नाही. खरं तर मला थोडी चिरचिर आल्यासारखी वाटली. पण एवढ्या मोठ्या माणसाला कुणी असं बोलायचं? टॅक्सीवाला मान हलवत निघून गेला आणि कोपऱ्यावरून वळेपर्यंत चिरचिरत होता. मामांनी संध्याकाळी माझ्यासाठी स्वतः अंडी केली. मीठ विसरले.

पडदे पिवळे.

रविवार, ९

आज प्रयोग झाला. किती सोपा आहे! इंजिन चालू असताना एकेका प्लगची वायर काढायची. ज्याची काढली त्या सिलिंडरचा स्फोट थांबतो, त्याच्या दांडीवरचा दाब जातो. मग तिथलं बेअरिंग झिजलेलं असेल तर ठोका मऊ पडतो. म्हणजे ज्या वायरला आवाज कमी होईल तो चोर.

मामा वायर काढत होते, मी शेजारी उभी. पहिली काढली. मामांनी माझ्याकडं बघून विचारलं, “कमी झाला?”

मला लगेच कळलं की ही परीक्षा आहे. मामा तसेच आहेत, सरळ काही शिकवणार नाहीत, आधी विचारतील. मी म्हटलं नाही. दुसरी काढली, कमी झाला? नाही. आता तिसरी. हिचीच मी वाट बघत होते, कारण गुरुवारी दातांनी त्यांनी तिसराच सांगितला होता. वायर निघाली, इंजिन लंगडायला लागलं, सगळ्या गाडीनं अंग झटकलं, त्यात टकटक मला नीट कळेना. आणि त्याच वेळी मांजर टायरमागून निघालं, तोंडात काहीतरी धरून. उंदीर नव्हता, हातमोजा होता.

“कमी झाला?”

मी म्हटलं, “हो, झाला.”

मामांचा चेहरा असा काही उजळला की बस. पाठीवर थाप मारली. तुझा कान तयार आहे, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या परीक्षेत पास झालेय. फोटोवाला म्हणायचा तुला नजर नाही, धोबीखान्यातला मुकादम म्हणायचा तुला हात नाहीत. कान आहे म्हणे मला!

हं, म्हणजे बेअरिंग गेलंय. म्हणजे वाईट बातमी आहे. पण मामा आता म्हणतायत, तेवढं एक बेअरिंग बदलता येतं, दांडी शाबूत असेल तर. खालून उघडून बघायचं.

सोमवार, १०

तेल काढलं. काळं, मधासारखं घट्ट. मामांनी थोडं पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात धरलं, बराच वेळ न्याहाळलं. बेअरिंग झिजलं की तेलात धातूचा चुरा चमकतो. चमक नव्हती. मामा म्हणाले, हे काही जुळत नाही. दोनदा म्हणाले. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाले, “पण तुझा कान सांगतोय ना. मग उघडू.”

माझा कान! मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली बरं, आणि जेवतेस ना वेळेवर.

बुधवार, १२

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

काल संध्याकाळपर्यंत गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून खालचं तेलाचं पातेलं सोडवलं. आज सकाळी मामा आणि मी पुठ्ठ्यावर उताणे पडून आत सरकलो. वर दिवा टांगलेला. कपाळावर तेलाचा एकेक थेंब. गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले गुडघे ठीक आहेत. मग त्यांनी तिसऱ्या दांडीचे दोन नट सोडले, बेअरिंगवरची लोखंडी टोपी काढली, अर्धगोल बेअरिंग अंगठ्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

आरसा. एक ओरखडा नाही. मी त्यात माझं नाक बघितलं.

मामांनी दुसरं काढलं, चौथं काढलं, पहिलंही काढलं. सगळी तशीच. ते परत एकेक बसवायला लागले. मी बडबडत होते, नेहमीसारखी, की चांगलंच झालं की, इंजिन मजबूत निघालं. शेवटचा नट आवळून त्यांनी पाना पोटावर ठेवला.

“रविवारी तिसरी वायर काढली, तेव्हा आवाज खरंच कमी झाला होता?”

मी म्हटलं, तुम्हीही होतात की तिथं.

“तुला विचारतोय.”

मग सांगावंच लागलं. की इंजिन लंगडत होतं, मला नीट कळलं नाही, पण तुम्ही दातांनी तिसराच म्हणाला होतात, म्हणून उत्तर तेच असणार असं वाटलं. “तुम्ही परीक्षा घेताय असं वाटलं मला.”

मामा वरच्या दिव्याकडं बघत होते. पुठ्ठ्यावर आमचे खांदे लागलेले होते, म्हणून त्यांचा श्वास मला कळत होता.

“परीक्षा नव्हती गं,” ते म्हणाले. “मी विचारत होतो. मला तो आवाज येतच नाही. पहिल्या दिवशीही आला नव्हता.”

मी म्हटलं, मग टॅक्सी? म्हणाले, टॅक्सीचंही तेच. तू नाही म्हणालीस तेव्हा रात्री मला शांत झोप लागली.

वायर काढणारा ऐकत नव्हता आणि ऐकणारी पाठांतर म्हणून दाखवत होती. असं आमचं निदान. मी हसले. हसू आलं म्हणून नाही, पण तोंडातून निघालं, आणि मग मामाही हसायला लागले, आणि त्यांच्या पोटावरचा पाना घसरून माझ्या कोपरावर पडला. कोपर सुजलंय.

गुरुवार, १३

जेवताना मामांनी मामीला सांगितलं. समोर ताटाकडं बघून, एका दमात. मामी हातातला पाव मोडत होती, ती मोडतच राहिली. मग आपल्या साध्या आवाजात (मी इतके दिवस तो ऐकलाच नव्हता, किती छान आहे) म्हणाली की मला दीड वर्षापासून माहीत आहे, तुम्ही स्वतः म्हणायची वाट बघत होते.

मामा म्हणाले, “काय?”

मामीनं परत सांगितलं, मोठ्यानं. शेजारच्या घरालाही कळलं असणार.

गुडघ्यांचं खोटंच होतं तर. मी मामीला विचारलं, शेड मग कशासाठी बंद करतायत? ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मी ताट उचलून उठले.

शनिवार, १५

पातेल्याच्या सांध्यात बसणारं नवीन गॅस्केट यायचंय. मधल्या वेळात मी खिडकीवर पडद्यांचं कापड धरून बघितलं. पिवळा नको, डास येतात म्हणे पिवळ्यावर. हे खरं आहे का ते कुणाला विचारावं?

शेडमध्ये मामा हत्यारं पुसून भिंतीला लावतायत. कुलूप लावणारा माणूस हत्यारं अशी हाताशी येतील तशी लावेल का? मला काय कळणार. मी विचारलं की आवाज आता कसा शोधायचा. म्हणाले, शोधण्यात काय आहे, तुझे कान आणि माझं डोकं. पण तुझी जीभ मध्ये येते.

सोमवार, १७

सापडला! सापडला! सापडला! घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आहे.

नीट लिहिते. सकाळी गॅस्केट बसवलं, तेल भरलं, बेडकी चालू. टकटक जशीच्या तशी. मामांनी मला डोळे मिटून उभं केलं आणि नियम सांगितला: हो, नाही, किंवा माहीत नाही. चौथं काही बोलायचं नाही. आणि माहीत नाही म्हटलं की त्यांना राग येणार नाही, उगाच हो म्हटलं तर येईल.

मग ‘कमी झाला?’ विचारलं. मी ऐकलं. नाही. पुन्हा विचारलं. नाही. डोळे उघडले तर त्यांनी एकही वायर काढलेली नव्हती, हाताची घडी घालून उभे होते! म्हणाले, ही मात्र परीक्षा होती. पास.

मग खरोखर चारही वायरी एकेक करून काढल्या. इंजिन लंगडायचं तसं लंगडलं, पण या वेळी मी फक्त टकटकीला धरून राहिले, गर्दीत आईचा पदर धरावा तसं. पहिली, फरक नाही. दुसरी, माहीत नाही, परत काढा. नाही. तिसरी. मांजर आलं होतं बहुतेक, मी बघितलं नाही. तिसरीलाही नाही. चौथीला नाही. म्हणजे खालचं काहीच नाही.

मग मामांनी टायमिंग लाइट काढला. पिस्तुलासारखा दिवा. त्याचा चिमटा पहिल्या वायरला लावला की त्या प्लगला ठिणगी पडेल तेव्हा तो चमकतो. इंजिनच्या खालच्या क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा ठिणगी एकदा. आणि झडपा वगैरे हलवणारी जी दुसरी दांडी, कॅमची, तीही त्या वेळात एकदाच फिरते. म्हणून प्रश्न एवढाच: दर चमकेला टकटक एकदा होते की दोनदा? दोनदा तर क्रँक. एकदा तर कॅम आणि तिच्यावर चालणारं काहीतरी. मामांनी स्क्रू फिरवून इंजिन इतकं हळू केलं की आता बंद पडतंय की काय, आणि दिवा माझ्या तळहातावर धरला.

मी म्हटलं माहीत नाही.

म्हणाले, थांब, घाई नाही.

तळहातावर चमक, चमक, चमक. कानात टक, टक, टक. मध्येच निसटायची. मला पाय हलवावासा वाटत होता, खाज येत होती, पडद्यांचा रंगही आठवला, निळा. सगळं बाजूला सारलं. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग एकदम ती दोन्ही एकावर एक बसली, जशी बटणं काजात बसतात. चमक आणि टक. एकच.

“एकदा,” मी म्हटलं. “दर चमकेला एकदाच. मामा, नक्की.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. इंजिन बंद करून बाजूनं वाकले आणि तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला, खालच्या अंगाला हात घातला. तिथं पत्र्याच्या आडोशामागं पेट्रोलचा पंप आहे! मुठीएवढा. त्याला एक तरफ असते, ती कॅमवर वर-खाली होते आणि टाकीतून पेट्रोल ओढते. तरफेची स्प्रिंग मेली की ती प्रत्येक फेऱ्याला आपटते. म्हणजे मामांच्या दातांनी जागा अचूक सांगितली होती, माझ्या जिभेनं तिथं बेअरिंग नेऊन ठेवलं.

पण मामा म्हणाले, अजून अंदाजच आहे. पंप सोडवून काढला, त्याचं भोक पत्र्याची चकती लावून बंद केलं. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल उरलं होतं तेवढ्यावर इंजिन मिनिटभर चालतं. चालू केलं.

काही नाही. म्हणजे इंजिन होतं, पंखा होता, मामीचा रेडिओ होता, टकटक नव्हती. मी मामांचा हात धरून सांगितलं, गेली. पेट्रोल संपून बेडकी गप्प झाली तरी आम्ही तसेच उभे. मग मामांनी तुटकी स्प्रिंग तळहातावर घेतली आणि खिडकीखाली जाऊन मामीला दाखवली, सोन्याचा दागिना दाखवावा तशी. मामीनं विचारलं एवढीशीच का. म्हणाले, हो, एवढीशीच.

मंगळवार, १८

आज लक्षात आलं आणि मी शेडमध्येच खाली बसले. जोड-कार्बोरेटरला हा पंप चालतच नाही. विजेवरचा लावायचा असतो, भंगारवाल्यानं सोबत दिलाय. म्हणजे मी पहिल्याच दिवशी गुपचूप बदल केले असते, तर हा पंप निघून फेकला गेला असता आणि आवाज आपोआप गेला असता.

मामांना सांगितलं. म्हणाले, माहीत आहे, मला काल रात्रीच सुचलं, पण तुला सांगवेना.

शनिवार, २२

चढली! तिसऱ्या गिअरमध्ये!

तीन दिवस अंघोळीशिवाय काय काम केलंय आम्ही. जोड-कार्बोरेटरची गंमत अशी की दोघांनी सारखाच श्वास घ्यायला हवा, नाहीतर इंजिन एका बाजूला ओढतं. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी, आणि आतली सूंसूं ऐकायची. एकदा याची, एकदा त्याची. मी ऐकत होते आणि मामा माझ्या बोटाकडं बघून स्क्रू फिरवत होते: वर, खाली, जरासं, बस. माहीत नाही म्हणायला आता मला काही वाटत नाही, सकाळपासून किती वेळा म्हटलं. दुपारी दोन्ही सूंसूं अशा जुळल्या की कोणती कोणाची ते सांगता येईना.

मग टाकीचा चढ. मी चालवत होते, मामा शेजारी. खाली तिसरा टाकला आणि पाय दाबला, आणि बेडकीनं अशी उडी घेतली की मामांची टोपी मागच्या गादीवर गेली. गादी टाकून झालीये, पडदे राहिलेत. वळणावर दूधवाल्याला मागं टाकलं. वर टाकीपाशी थांबलो तेव्हा दोघंही उगाचच धापा टाकत होतो, जसे काही धावत आलोय.

मामांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले होते. म्हणाले, मला हिचं सगळं इथून कळतंय, वरचा बारीक आवाज सोडून. तो कसा आहे? मी सांगितलं: शिवणाच्या मशिनसारखा, लांबच्या खोलीतल्या.

“सहज तपासून घेऊ म्हणत मामीनं कानाच्या डॉक्टरकडं तीनदा वेळ घेतली होती,” म्हणाले. “तीनदा मी गिऱ्हाइक आलं म्हणून सांगितलं. गिऱ्हाइक नव्हतं.”

मी म्हटलं, चौथ्यांदा मी नेते. बेडकीतून.

माझं सोमवारी निघायचं ठरलं होतं खरं. पण टॅक्सीवाल्याला मामांनी स्वतः जाऊन बोलावलंय, चिरचिर ऐकायला, तो शुक्रवारी येतो म्हणाला. त्याच्या भावाच्या गाडीचंही काहीतरी आहे. ते झालं की निघेन. समुद्र काही आटत नाही.

बुधवार, २६

बेडकीचा पहिला लांबचा प्रवास: शहरातलं इस्पितळ. मामी मागं गादीवर मांडी घालून, राणीसारखी.

कान तपासायची एक छोटी खोली असते, भिंतींना फोम लावलेली, मध्ये काच. मामांना आत खुर्चीवर बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तपासणाऱ्या बाई काचेच्या अलीकडं, त्यांच्या यंत्रापाशी, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागच्या बाकावर. सुरुवातीला मामा सारखे दाबत होते, पटापट. मग हळूहळू कमी. मग बाई यंत्रावरची गोल चकती फिरवायच्या आणि मामा नुसते बसून राहायचे, अंगठा बटणावर, आणि काहीच व्हायचं नाही. मामीनं माझा हात धरला. बाईंनी पुढची चकती फिरवली. मामांनी डोळे मिटले होते. मामी कुजबुजली, झोपले की काय हे.

झोपले नव्हते. बाईंनी नंतर कागद समोर ठेवून समजावलं. जाडे आवाज बरे येतात, बारीक जवळजवळ गेलेत, दोन्हीकडचे. कानाला यंत्र लावलं तर बरंच परत येईल, सगळं नाही. मामांनी विचारलं की यंत्र लावून इंजिन ऐकता येईल का. बाई म्हणाल्या, इंजिनचं मला ठाऊक नाही, बायकोचं ऐकता येईल. मामी हसली, मग डोळे पुसले, मग परत हसली. यंत्रासाठी कानांचं माप देऊन आलो.

मामीनं जिन्यात विचारलं की शेडचं काय. मामा म्हणाले, शुक्रवारी टॅक्सी आहे ना, ती होऊ दे.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवणार तोच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“त्या खोलीच्या काचेतून त्या बाईंचा हात दिसत होता,” म्हणाले. “चकती फिरवली की आवाज सोडलाय हे मला कळत होतं. म्हणून डोळे मिटून घेतले.”